डाउनस्पाउटचं पाणी जमिनीखालून न्यावं का? (मिनियापोलिस, बेसमेंट, चिकणमाती)

खटपट्या:
घर मिनियापोलिसच्या उपनगरात, बेसमेंट फिनिश्ड. पुढच्या बाजूला २×३ इंची दोन डाउनस्पाउट (छपराच्या पन्हळीचं पाणी खाली आणणारे उभे नळ), प्रत्येकावर साधारण ६०० चौ. फूट छप्पर. खाली फक्त दोन फुटी स्प्लॅश ब्लॉक (पाणी भिंतीपासून दूर ढकलणारी फरशी). मार्चमध्ये बर्फ वितळायला लागला की बेसमेंटच्या त्याच कोपऱ्यात भिंतीच्या तळाशी ओल येते. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, काळा कोरुगेटेड (वळ्यावळ्यांचा) पाइप १२ इंच खोल पुरू आणि २० फुटांवर पॉप-अप (पाण्याच्या दाबाने उघडणारं झाकण) बसवू. शेजारी म्हणतात, इथे ४२ इंचांपर्यंत जमीन गोठते, एवढ्या वरचा पाइप टिकणार नाही. आणखी एक सल्ला आला की सरळ सम्पमध्ये (बेसमेंटमधल्या पंपाच्या खड्ड्यात) सोडा. पुढचं अंगण जवळजवळ सपाट आहे. काय करावं?

सोनटक्का:
सम्पचा विचार आधी डोक्यातून काढा. ६०० चौ. फुटांवर एक इंच पाऊस म्हणजे सुमारे ३७५ गॅलन. जे पाणी घराबाहेर आहे ते पायाच्या बुडाशी आणून पंपाने परत बाहेर फेकायचं, आणि वीज गेली की बेसमेंटमध्ये तळं. पायाभोवतीच्या ड्रेन टाइललाही (पायालगत पुरलेल्या भोकांच्या पाइपाला) छपराचं पाणी जोडू नये, कारण तेच. सांडपाण्याच्या लाइनला जोडायला बहुतेक शहरांत बंदीच असते.

आता ४२ इंच. तो आकडा फुटिंगसाठी, म्हणजे ज्यावर घर उभं असतं त्यासाठी. रिकामा पाइप १० इंचांवर असला तरी फुटत नाही. तेव्हा पाइप किती खोल यापेक्षा पाऊस थांबल्यावर तो पूर्ण रिकामा होतो का, हे बघा.

तुमच्या कॉन्ट्रॅक्टरचा प्लॅन नेमका इथेच मार खातो. सपाट अंगणात घराजवळ १२ इंच खोल सुरुवात केली आणि फुटाला पाव इंच उतार दिला, तर २० फुटांवर पाइप १७ इंच खोल जातो. पॉप-अपचं झाकण मात्र जमिनीच्या पातळीवर. म्हणजे पाणी झाकणापर्यंत चढल्याशिवाय बाहेर पडणार नाही आणि पाऊस थांबला की अख्खा पाइप भरलेला राहणार. ४ इंची २० फूट पाइपात साधारण १३ गॅलन मावतं. खालच्या एल्बोला झिरपण्यासाठी बारीक भोक असतं खरं, पण चिकणमातीत ते आधीच रडतखडत चालतं, आणि खालची माती गोठली की बंद. हिवाळ्यात आत बर्फाचा दांडका तयार. मग छपरावरून वितळलेलं पाणी डाउनस्पाउटमध्ये साठून तिथेच गोठत वर चढतं, ॲल्युमिनियमची शिवण उसवते आणि पाणी अगदी भिंतीलगत पडतं.

कोरुगेटेडचा दुसरा ताप म्हणजे प्रत्येक वळीत थोडं पाणी आणि गाळ राहतो. शिवाय तो लवचिक, माती बसली की मध्ये पोट सुटतं.

खोदण्याआधी भिंतीलगतचा उतार मोजा. पहिल्या १० फुटांत ६ इंच उतरलं पाहिजे. दोरी ताणून लाइन लेव्हल लावली की दहा मिनिटांत कळतं. घर बांधताना पायाभोवती भरलेली माती वर्षानुवर्षं बसते आणि उतार उलटा होतो. भर घालायची तर चिकणमातीचीच, दाबून. खडी किंवा मल्चने उंची वाढवली तर पाणी त्यातून खाली जाऊन खालच्या जुन्या उताराने भिंतीकडेच येतं. साइडिंग आणि मातीत ६ इंच अंतर मोकळं ठेवा.

हिमपक्षी:
वरच्याशी सहमत. बऱ्याच घरांत एवढ्यावरच काम भागतं. भर घाला, डाउनस्पाउट ३×४ इंची करा (पानं आणि बर्फ २×३ मध्ये लवकर अडकतात) आणि जमिनीवरून ८-१० फुटांचं कडक ॲल्युमिनियमचं एक्स्टेन्शन द्या. फुटाला निदान अर्धा इंच उतार. जोडताना वरचा तुकडा खालच्याच्या आत गेला पाहिजे, नाहीतर प्रत्येक सांधा गळतो. स्क्रू अर्ध्या इंचापेक्षा लांब नकोत, आत टोकं आली की पानं अडकायला सुरुवात. बिजागरीवाला एल्बो लावा, गवत कापताना वर उचलता येतं. ॲकॉर्डियनसारखे ताणायचे प्लास्टिकचे तुकडे मात्र हिवाळ्यात कुचकामी.

तोंड फुटपाथ किंवा ड्राइव्हवेकडे नको. दुपारी वितळतं, रात्री काच होते आणि सकाळी कुणीतरी आपटतं.

खटपट्या:
धन्यवाद दोघांनाही. एक राहिलं सांगायचं: घराच्या बाजूने ३५ फुटांवर पावसाचा उघडा चर आहे, त्याचा तळ भिंतीजवळच्या जमिनीपेक्षा २४ इंच खाली. तिकडे नेलं तर? आणि डाउनस्पाउटमध्ये हीट केबल (बर्फ वितळवणारी विजेची तार) टाकावी का?

सोनटक्का:
मग गणित बदललं, पाइप बिनधास्त पुरा. तोंड चराच्या तळापासून ५ इंच वर ठेवा, म्हणजे गाळ आणि बर्फाखाली गाडलं जाणार नाही. उरले १९ इंच. ३५ फुटांना पाव इंचाने पावणेनऊ इंच गेले. घराजवळ पाइपचा तळ साधारण १० इंच खोल, वर ६ इंच माती. हिरवळीखाली चालतं, गाडी जाणार असेल तर नाही.

पाइप ४ इंची एसडीआर ३५ (पीव्हीसीचा कडक ड्रेनेज पाइप), गुळगुळीत, बिनभोकांचा. दोन्ही डाउनस्पाउट एकात आणले तरी १,२०० चौ. फूट त्याला जड नाही. सॉकेटची बाजू घराकडे. वळणाला ९०चा एल्बो न वापरता ४५चे दोन. पाइपासाठी खणलेल्या खाचेचा तळ घट्ट, न उकरलेल्या मातीचा ठेवा. जास्त खोदून पुन्हा भरलात तर तिथेच पोट सुटणार. माती लोटण्याआधी बागेच्या नळीने पाणी सोडून बघा, शेवटचा थेंब बाहेर आला पाहिजे. तोंडावरची जाळी काढता येणारी हवी, थंडीत काढून ठेवा. चर शहराच्या हद्दीत असेल तर आधी परवानगी विचारा.

हिमपक्षी:
एक भर. उतार चांगला असला तरी जानेवारीत छपरावरून थेंबथेंब येणारं पाणी गोठलेल्या पाइपात थरावर थर देत जातं. म्हणून डाउनस्पाउट जमिनीपासून फूटभर वर कापून तिथे दुतर्फा डायव्हर्टर (पाणी हवं तिकडे वळवणारी झडप) बसवा. ऑक्टोबरअखेर पाणी वरच्या एक्स्टेन्शनकडे, एप्रिलमध्ये परत खाली. पुरलेल्या पाइपाचं घराजवळचं वरचं तोंड हिवाळ्यात टोपणाने बंद.

हीट केबल फक्त डाउनस्पाउटमध्ये घालून उपयोग नाही. पन्हळीपासून पाणी बाहेर पडेपर्यंत सलग हवी, नाहीतर जिथे ती संपते तिथे बर्फ. फुटाला ५ वॅटची ६० फूट केबल दिवसभर चालली तर ७ युनिट. घ्यायचीच तर सेल्फ-रेग्युलेटिंग (थंडीप्रमाणे उष्णता आपोआप कमीजास्त करणारी), आणि जीएफसीआय (वीज गळाली की लगेच तोडणारं) संरक्षण असलेल्या सर्किटवर. पन्हळीत बर्फाचे बांध होत असतील तर पैसे आधी ॲटिकमध्ये घाला: बाथरूमचा पंखा, दिव्यांची भोकं, ॲटिकचं झाकण हे सगळं सील करून मग इन्सुलेशन.

मार्चच्या ओलीत भिंतीलगत ढकलून ठेवलेल्या बर्फाचाही वाटा असतो. ३-४ फुटांची पट्टी मोकळी ठेवा, विंडो वेल (बेसमेंटच्या खिडकीपुढचा खड्डा) तर नक्कीच.

खोदण्याआधी ८११ला (जमिनीखालच्या लाइनी दाखवून देणाऱ्या सेवेचा अमेरिकेतला फोन नंबर) कळवा, फुकट आहे, पण निदान दोन कामाचे दिवस आधी. स्प्रिंकलरच्या लाइनी आणि कुत्र्याच्या कुंपणाची तार ते दाखवत नाहीत, त्या स्वतः शोधा.