मृग जवळ आला की कुलर नकोसा होतो, हॉलमध्ये दुसरा एसी घ्यावा का?

जळगावची सूनबाई

नमस्कार मंडळी. आम्ही पिंप्राळ्याकडे राहतो. वरचा मजला, डोक्यावर थेट स्लॅब. घरात सासूबाई (वय 74), आम्ही दोघं आणि दहावीतला मुलगा. हॉलमध्ये मोठा कुलर, बेडरूममध्ये दीड टनाचा इन्व्हर्टर एसी.

एप्रिल-मेमध्ये बाहेर 44 असलं तरी कुलर छान चालतो, पहाटे सासूबाई चादर मागतात. पण मेअखेर आभाळ भरून यायला लागलं की तोच कुलर नकोसा होतो. चादरी ओलसर, फरशी चिकट, डब्यातलं मीठ पाणावतं. सासूबाईंची पाठ घामोळ्यांनी भरते. मग सगळे एसीच्या खोलीत येतो आणि एसी दुपारपासून पहाटेपर्यंत चालू राहतो. मागच्या जूनचं बिल एप्रिलच्या जवळजवळ दुप्पट होतं.

यांचं म्हणणं, हॉलमध्ये दुसरा एसी लावून टाकू. मला ते पटत नाही. बिल कमी करून सासूबाईंना आराम कसा देता येईल?

देवपूरकर (धुळे)

ताई, गच्ची तुमच्या हक्काची असेल तर सोलर बसवा. 2024 पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत 2 किलोवॅटला 60 हजार आणि 3 किलोवॅटला 78 हजार अनुदान आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात एक किलोवॅटमागे रोज चार युनिट सहज निघतात. शिवाय पॅनलखालचा स्लॅब सावलीत येतो. आणि जुने पंखे बदला. साधा पंखा 75 वॅट खातो, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा तेवढ्याच वाऱ्याला 30-35.

भुसावळ कुलरवाला

ताई, भुसावळात कुलर-एसी दुरुस्तीचं काम करतो. दर जूनला लोक कुलर घेऊन येतात, ‘हा बिघडला, गारच करत नाही’ म्हणून. उघडून पाहिलं तर मोटर ठीक, पंप ठीक. बिघडलेली असते हवा.

आपल्या खान्देशात उन्हाळे दोन आहेत, हे आधी लक्षात घ्या. होळीपासून नवतपापर्यंतचा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) कोरडा आणि त्यानंतर पाऊस बसेपर्यंतचा दमट. दोन्हीला एकच उपाय चालवला की बिल फुगतं.

कुलर पाणी वाळवून हवा गार करतो. हवा कोरडी तेवढं पाणी जास्त वाळतं. घरीच पाहा: खोलीचं तापमान मोजायच्या साध्या थर्मामीटरच्या (तापाच्या नव्हे) फुग्याला सुती चिंधी गुंडाळा, ती पाण्याने भिजवा आणि पंख्यासमोर धरा. पारा जिथे थांबतो, त्याच्या खाली जगातला कुठलाच कुलर जाऊ शकत नाही. मेमध्ये बाहेर 44 आणि आर्द्रता 15 टक्के असेल तर ओला पारा 23 च्या आसपास थांबतो आणि चांगला कुलर 27-28 ची हवा देतो. जूनमध्ये बाहेर 38 आणि आर्द्रता 55 टक्के झाली की तोच पारा 30 वर थांबतो. म्हणजे कुलरमधून 32 ची हवा येणार, तीही ओली. अंगावरचा घाम वाळत नाही, म्हणून घामोळ्या. ओला पारा आणि चिंधीशिवायचा कोरडा पारा यांत दहा अंशांपेक्षा कमी फरक दिसायला लागला की पंपाचं बटण बंद करा. नुसता पंखा चालवा.

एक गोष्ट जीव तोडून सांगतो. कुलर आणि एसी एकाच मोकळ्या जागेत एकत्र चालवू नका. बेडरूमचं दार उघडं ठेवून हॉलमधला कुलर चालू, असं किती घरांत पाहतो! कुलर हवेत पाणी टाकतो आणि एसी तेच पाणी पैसे खर्चून बाहेर काढतो. एक लिटर पाणी हवेतून काढायला एसीला साधारण युनिटचा पाचवा हिस्सा लागतो. मोठा कुलर तासाला कित्येक लिटर पाणी उडवतो, हिशोब तुम्हीच करा. ओले कपडे वाळत घालणं आणि रात्रीची ओली पुसणीसुद्धा एसीच्या खोलीत नको.

आता बिल. महावितरणचे घरगुती टप्पे 100, 300 आणि 500 युनिटांवर बदलतात, आणि वरच्या टप्प्यातलं युनिट खालच्यापेक्षा कितीतरी महाग. तुमचा पंखा-फ्रिज खालच्या टप्प्यांत बसतो, एसी वरच्या टप्प्यात जातो. त्यामुळे दुसरा एसी घेतला तर त्याचं जवळपास प्रत्येक युनिट सगळ्यात महाग दराने पडेल. उलट एसीचे चार तास वाचवले तर वाचतात तीही महागडीच युनिटं.

म्हणून तुमच्या यांना सांगा, दुसऱ्या एसीचा पैसा आधी स्लॅबवर घाला. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री दोनपर्यंत खोलीत ओकतो. तुमचा एसी पहाटेपर्यंत माणसांशी नाही, त्या स्लॅबशी झुंजतो. मार्चमध्ये गच्ची झाडून, धुऊन चुन्याचे दोन हात द्या, त्यात डिंक किंवा फेविकॉल घाला म्हणजे पावडर उडत नाही. पावसात तो निघून जातो, दरवर्षी द्यावा लागतो. बजेट असेल तर पांढरा रिफ्लेक्टिव्ह पेंट घ्या, काही वर्षं टिकतो.

पश्चिमेची खिडकी बाहेरून झाका. आतल्या पडद्याने उपयोग थोडा, कारण ऊन काचेतून आत आल्यावर उष्णता आतच राहते. रोपवाटिकेवर असते ती हिरवी शेडनेट खिडकीपासून हातभर बाहेर बांधा, मधून वारा खेळला पाहिजे.

एसी 26 वर, वर पंखा मंद. 24 च्या खाली जायची गरज मला तरी दिसत नाही, आणि एक अंश वाढवला की साधारण 6 टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवा. आपल्याकडची धूळ पाहता हे सांगावं लागू नये, पण उघडतो तेव्हा फिल्टरवर गोधडी जमलेली असते.

शहाद्याचा शेतकरी

भाऊ, तुमनं बरोबर शे. आमच्या जुन्या धाब्याच्या घराच्या छतावर मातीचा जाड थर होता, दुपारीही आत पंखा पुरायचा. आता पत्रे टाकलेत तर दुपारी बसवत नाही. आम्ही पत्र्यावर पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) पसरून वरून नेट बांधतो, फरक पडतो. फक्त विजेच्या तारेपासून आणि चुलीच्या धुराड्यापासून लांब ठेवा, कोरड्या पऱ्हाटीला ठिणगी पुरते.

जळगावची सूनबाई

भाऊ, इतकं समजावून कोणी सांगितलं नव्हतं. चिंधीचा प्रयोग मुलाला शाळेसाठीही करायला लावते. दोन शंका. सासूबाईंना एसीचा झोत सहन होत नाही, गुडघे आखडतात. आणि गच्ची सगळ्यांची सामाईक आहे, चुना मारू देतील का?

भुसावळ कुलरवाला

गच्चीसाठी सोसायटीच्या बैठकीत विषय काढा. बाकीच्या मजल्यांना थेट फायदा नाही, म्हणून खर्च तुम्ही करायची तयारी दाखवा. परवानगी सहसा मिळते. फक्त पावसाळी पाइपांच्या तोंडात चुना जाऊ देऊ नका.

आजींसाठी एसीचा झोत छताकडे वळवा, पलंग झोतातून हलवा. 27 ला ठेवून ड्राय मोड लावून पाहा. दमट दिवसांत घामोळ्यांना गारव्यापेक्षा कोरडेपणा जास्त उपयोगी. झोपायच्या आधी दोन तास खोली बंद करून एसी चालवा, मग टायमर लावून पंखा. स्लॅब पांढरा झालेला असेल तर पहाटेपर्यंत एसी लागू नये. पण आजींच्या बाबतीत बिलाकडे बघत बसू नका. अंग तापलं, घाम येईनासा झाला, बोलणं अडखळलं तर लगेच अंग ओलं करून वारा घाला आणि दवाखान्यात न्या.

आणि कोरड्या दिवसांत हॉलचा कुलर चालवाल तेव्हा समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. ओली हवा बाहेर जायला वाट नसेल तर मेमध्येही चिकचिक होते. कुलर खिडकीत सावलीला बसवा, टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा, नाहीतर डेंग्यूचे डास होतात. पाणी भरताना प्लग काढलेलाच हवा. घराला अर्थिंग नीट आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (शॉक बसताच वीज तोडणारा स्विच) बसवा. मुलाला कुलरला ओला हात लावू देऊ नका.

बाहेरचं युनिट पश्चिमेला उन्हात आहे का, त्याचा फोटो टाका. जाळी धुळीने भरलेली असेल तर ती धुतल्यावरच बिलाचं पुढचं बोलू.