हिरवी मुनिया की रंग उतरलेली लाल मुनिया? ओळख पटवायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नदीकाठी उसाच्या फडाला लागून उंच गवत आहे, तिथे डिसेंबरपासून मुनियांचा थवा दिसतोय. चिमणीपेक्षा लहान, चोच लालचुटुक, पोट पिवळसर. पाठ उन्हात हिरवट वाटते, ढगाळ असलं की मातकट. गवताच्या तुऱ्यावर चढून बिया टिपतात, तुरा पार वाकला तरी सोडत नाहीत. चाहूल लागली की सगळा थवा एकदम उठतो आणि थोडं पुढे जाऊन गवतात गडप. फोटो आहेत, पण सगळे समोरून काढलेले. पाठ कशातच नीट आलेली नाही.

एका पक्षीमित्राच्या मते ही हिरवी मुनिया. तसं असेल तर फार मोठी गोष्ट आहे! हा पक्षी फक्त भारतात सापडतो, तोही तुरळक जागी. माउंट अबू हे त्याचं सगळ्यांत प्रसिद्ध ठिकाण. पिंजऱ्यात विकण्यासाठी वर्षानुवर्षं पकडला गेला, आज धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत 'असुरक्षित' गटात आहे. त्यामुळे खात्री झाल्याशिवाय नोंद टाकणार नाही, आणि जागा तर उघड करणारच नाही.

माझा संशय लाल मुनियेवर आहे. विणीचा हंगाम सरला की तिच्या नराचा लाल रंग जातो आणि तो मादीसारखा दिसू लागतो. मग या दोघींतला फरक नेमका कुठे बघायचा? अधिवासावरून काही ठरतं का?

प्रतिसाद:

अधिवासावरून नाही ठरणार. उंच गवत, झुडपं, उसाची शेतं दोघींनाही चालतात.

आधी कुशी, म्हणजे पंखांखालची पोटाची बाजू, बघा. हिरव्या मुनियेच्या कुशीवर गडद आणि पांढरे आडवे पट्टे असतात, समोरच्या फोटोतही ते कडेने डोकावतात. पट्टे नसतील तर पंखांवर बारीक पांढरे ठिपके आणि उडताना शेपटीच्या मुळाशी लाल रंग दिसतो का पाहा. दोन्ही असेल तर लाल मुनियाच. कोवळ्या पिल्लांवरून मात्र काही ठरवू नका. त्यांची चोच काळपट असते आणि पट्टे उमटलेले नसतात.

मुनियांचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून त्यांना बाहेर काढू नका, कडेला शांत बसलात तर त्या आपणहून तुऱ्यांवर येतील. तरीही शंका उरली तर पावसाळ्यात पुन्हा जा, लाल मुनियेचे नर तेव्हा पांढऱ्या ठिपक्यांसह लालभडक झालेले असतात. आणि कुशीचा फोटो इथे टाकाल तेव्हा त्यातली जागेची माहिती आधी काढून टाका.