मदत हवी आहे: आईची झोपेची गोळी हळूहळू कमी करण्याबाबत

माझ्या ६९ वर्षांच्या आईला वडिलांच्या निधनानंतर क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅमची गोळी रात्री एकदा, थोड्या दिवसांसाठी म्हणून सुरू झाली आणि ती आता सहा वर्षे चालू आहे. मार्चमध्ये तिने कोणालाही न सांगता गोळी एकदम बंद केली. तेव्हा तीन-चार रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, हात थरथरू लागले आणि छातीत धडधड वाढली. अशी औषधे अचानक थांबवल्यास फिट्सही येऊ शकतात, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर आमचे धाबेच दणाणले. आता त्यांच्या देखरेखीखाली ०.२५च्या गोळ्या वापरून, दर टप्प्यावर काही आठवडे थांबत मात्रा उतरवायची आहे. (उतारवयात या गोळ्यांमुळे तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो, म्हणून सोडायची हे नक्की.)

ज्यांनी स्वतः किंवा घरातील ज्येष्ठांसाठी हे केले आहे, त्यांना किती महिने लागले, आणि शेवटचा पाव गोळीचा टप्पा कसा पार पडला? तसेच निद्रानाशासाठीची सीबीटी (झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलण्याची, औषधाविना होणारी उपचारपद्धत) मराठीतून करून घेणारे समुपदेशक पुण्यात कोणाला माहीत आहेत का?