तान्हा पोळा अन् पोरांचं प्लॅनिंग (नागपुरातल्या एका सोसायटीचा ग्रुप)

सान्वीची आई (बी-३०४): चौथीत गेली तरी रोज सकाळी काही ना काही सापडत नाही. व्हॅनवाले भाऊ खाली हॉर्न वाजवत असतात अन् ही सोफ्याखाली मोजा शोधून राहिली. तुमच्याकडे काय करता?

ए-१०२ काका: आमच्या आईनं एक रट्टा दिला की सगळं सापडे 😄

अथर्वचे बाबा (सी-२०१): दप्तर रात्री मीच भरून देतो. विषय संपला.

मॅडम (ए-४०१): संपला नाही, पुढे ढकलला 🙂 बारावीपर्यंत भरणार का? दप्तर त्याला भरू द्या, तुम्ही नुसते जवळ बसा. ‘कंपास घे’ म्हणू नका, ‘उद्या कोणते तास आहेत?’ एवढंच विचारा. वेळापत्रक त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवा, आपल्या नाही. पुढचा विचार करणारा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, चौथीतली पोर विसरणारच.

अन् तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा लाकडी बैलांचा पोळा, येऊनच राहिला. बैल सजवायचं पोरांवर सोपवा, पण उलटं मोजायला लावा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बैल तयार पाहिजे, म्हणजे झूल आदल्या दिवशी शिवून हवी. शिंगांचा ऑईलपेंट पावसाळी हवेत लवकर वाळत नाही, मग रंग कधी आणायचा? ऐनवेळी इतवारीच्या बाजारात जाऊ म्हणाल तर त्याच दिवशी काळी-पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते, पाय ठेवायला जागा नसते. दरवर्षी रात्री अकराला बेगड आपण चिकटवतो अन् पोरं घोरत असतात!

सान्वीची आई: हे खरं आहे बाप्पा 🙈 पण ती म्हणते, सगळं दहा मिनिटांत होते.

मॅडम: म्हणू द्या. तो अंदाज कागदावर लिहून घ्या अन् घड्याळ लावा. पुढच्या वेळी तीच वाढवून सांगते.

अथर्वचे बाबा: अन् शेपटीच राहिली तर? बोजारा, म्हणजे बैल घेऊन आलेल्या पोरांचा खाऊ-पैसे, कोण देईल 😂

मॅडम: मी देईन. तुम्ही फक्त गम घेऊन धावू नका.

ए-१०२ काका: महाल भागात भोसल्यांचा मोठा लाकडी बैल आहे, तो दाखवून आणा पोरांना.

सेक्रेटरी: यंदा बोजाऱ्याची यादी अन् खरेदी सातवी-आठवीच्या मुलांकडे द्यायची का? मागल्या वर्षी खाऊची पाकिटं कमी पडली होती.

मॅडम: द्या. पण आधी घरोघरी जाऊन मुलं मोजून या म्हणा. पाहुण्यांचीही.

अथर्वचे बाबा: अथर्व विचारतो, बैलाची चाकं शाबूत आहेत का. माळ्यावर चढून बघतो.

मॅडम: त्यालाच चढू द्या. तुम्ही स्टूल धरा.