तोतरेपणा: 'घरात कोणी अडखळतं का?' एवढं विचारून भागतं का?

पाटीपेन्सिल: 2 ते 6 वर्षांच्या मुलांच्या वाचातपासणीसाठी कौटुंबिक माहितीचा फॉर्म नव्याने करतेय. सध्या एकच ओळ आहे: 'घरात कोणाला तोतरेपणा आहे का? हो / नाही.' कोणाकोणाची माहिती घ्यावी? आणि उत्तर 'हो' आलं, तर त्या मुलासाठी तोतरेपणा धरण्याची शंभर ठोक्यांत (उच्चारातल्या अक्षरांत) 3 अडखळींची रेषा खाली आणायची का?

कानसेन: रेषा हलवू नका. इतिहास आणि मोजणी ही दोन वेगळी खाती. घरात तोतरेपणा आहे म्हणून मूल जास्त अडखळतं असं नाही, आणि आज किती अडखळतं यावरून ते टिकेल की जाईल हेही कळत नाही. सुरुवातीला धडकी भरवणारं अडखळणं पुढे साफ जातं, किरकोळ वाटणारं मुक्काम ठोकतं.

सुरुवात झालेल्या चार मुलांपैकी साधारण तिघांचं थांबतं. इतिहास लागतो तो चौथा कोण याचा अंदाज बांधायला, आणि तिथे 'हो / नाही' कुचकामी. विचारायचं असतं ते हे, की त्या नातेवाइकाचं थांबलं की राहिलं? टिकण्याकडे कल असलेली घराणी असतात, तशी थांबण्याकडे असलेलीही. 'हो'पुढे तीन रकाने हवेत: कोण, कितव्या वर्षी सुरू झालं, कितव्या वर्षी थांबलं (की अजून आहे).

चुलतमावस: वरच्या तीन रकान्यांत एक खाच आहे. ज्यांचं चौथ्या-पाचव्या वर्षी थांबलं त्यांना स्वतःला ते आठवतच नाही. आई-बाबा बिनधास्त 'नाही' म्हणतात. आजीला विचारा, नाहीतर फक्त टिकलेल्यांचीच नोंद होते आणि घराण्याचं चित्र उगाच काळं दिसतं.

'भाऊ' एवढं लिहून घेऊ नका. सख्खा की चुलत, आते, मामे, मावस? सख्खा भाऊ पहिल्या पायरीचा, मामा-काका दुसऱ्या, चुलतभाऊ तिसऱ्या. दोन्ही बाजूंचे आजी-आजोबा आणि ही भावंडं, एवढं पुरतं. 'बोबडं' आणि 'तोतरं' यांचीही सर्रास गल्लत होते: 'र'चा 'ल' करणारा काका या रकान्यात येत नाही. उलट अवघड शब्द टाळून बोलणारी माणसं 'मितभाषी' म्हणून निसटतात. 'स्वतःचं नाव सांगताना अडतात का? फोन टाळतात का?' असं विचारलं की सापडतात.

पाटीपेन्सिल: आणि मोजताना 'हळूहळू', 'लाल लाल' यांचं काय करायचं? आमच्याकडे दोघी मोजतात आणि आकडे जुळत नाहीत.

कानसेन: ती भाषेची रीत, अडखळ नव्हे. वगळा. 'खूऽऽप मोठा'सुद्धा वगळा. धरायचं ते:
- शब्दाच्या तुकड्याची पुनरावृत्ती: 'आ-आ-आई'
- एकाच ठोक्याच्या शब्दाची: 'मी मी मी', 'घर घर घर'
- ताणलेला आवाज
- तोंड तयार, पण आवाज फुटत नाही असा अडसर

'मला मला', 'म्हणजे... ते...', वाक्य मध्येच बदलणं हे सगळ्याच मुलांत असतं; त्याची नोंद वेगळी.

आकडे बहुधा भाजकात चुकतात. लिहिलेली अक्षरं नव्हे, उच्चारातले ठोके मोजा: 'मुलगा' लिहिताना तीन, बोलताना दोन. 'आ-आ-आई' म्हणजे दोन ठोके आणि एक अडखळ. जादाचे 'आ' भाजकात घालू नका. 420 ठोक्यांत 21 अडखळी म्हणजे शंभरात 5. नमुना 300 ठोक्यांहून लहान नको, शक्यतो दोन वेगळ्या प्रसंगांतला, आणि व्हिडिओच घ्या. आवाजाच्या रेकॉर्डिंगमध्ये अडसर नुसता 'थांबला' म्हणून सुटून जातो.

बाराखडी: फॉर्म वाचून पालक हमखास विचारतात, 'काकाचं ऐकून उचललं का?' नाही. एकसारख्या जुळ्यांत दोघंही अडखळण्याचं प्रमाण इतर जुळ्यांपेक्षा बरंच जास्त असतं, म्हणजे वारशाचा वाटा मोठा. 2010 साली तीन जनुकांतले बदल तोतरेपणाशी जोडले गेले, पण ते थोड्याच लोकांत सापडतात. तपासणीसाठी जनुकचाचणीचा उपयोग नाही. त्यासाठी कोणाला पाठवू नका.

फॉर्म भरून झाला की सगळं एकत्र बघा. मुलगा, साडेतीन वर्षांनंतर सुरुवात, सहा महिने उलटूनही कमी नाही, घरात टिकलेला तोतरेपणा: अशा मुलाला वाट बघायला लावू नका, उपचार सुरू करा. मुलगी, लवकर सुरुवात, घरातल्यांचं थांबलेलं: महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा मोजा, पण मूल स्वतः बोलणं टाळायला लागलं तर तेवढी वाटही बघू नका. आणि अडखळणं कोणत्या महिन्यात सुरू झालं, हा रकाना फॉर्मवर सर्वांत वर हवा. वर्षभराने तो कोणालाच सांगता येत नाही.