अंतर्गत रचनेतून सामाजिक न्याय साधता येतो का?

मूळ मांडणी

अंतर्गत रचना म्हटले की पडदे, रंगसंगती आणि महागडे फर्निचर एवढेच डोळ्यांसमोर येते. मला मात्र दवाखान्यातील बाकांविषयी आणि सरकारी कचेरीच्या काउंटरविषयी बोलायचे आहे, कारण ज्यांना खासगी पर्याय परवडत नाही त्यांना तिथेच ताटकळावे लागते. काउंटर छातीइतका उंच असला, तर चाकाच्या खुर्चीवरून आलेल्या अर्जदाराला मान वर करून आपले गाऱ्हाणे मोठ्याने सांगावे लागते आणि ते मागच्या सगळ्या रांगेला ऐकू जाते. ती खुर्ची वळवायला साधारण दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. ती राखायची की तिथे शोभेच्या कुंड्या मांडायच्या, हे रचनाकारच ठरवतो. स्वतः चाकाची खुर्ची वापरणारे अमेरिकी वास्तुरचनाकार रोनाल्ड मेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली सार्वत्रिक रचनेची, म्हणजे वय वा क्षमता कोणतीही असली तरी सर्वांना वापरता येईल अशा रचनेची, सात तत्त्वे मांडली. त्यांतले पहिलेच तत्त्व समन्यायी वापराचे आहे.

प्रतिसाद १

मी असहमत आहे. काउंटर खाली आणल्याने अर्ज मंजूर होत नाही. न्याय कायद्याने, वेतनाने आणि घराच्या हक्काने मिळतो; फर्निचरला ते श्रेय देणे मला धोक्याचे वाटते. ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की यांनी १९२६ साली फ्रँकफर्टच्या सार्वजनिक घरांसाठी आखलेले स्वयंपाकघर पाहा. स्त्रीचे कष्ट वाचावेत हाच त्यामागचा प्रामाणिक हेतू होता. पण जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरच्या त्या खोलीत एकाच व्यक्तीला वावरता येई, त्यामुळे काम तिच्याच गळ्यात राहिले आणि ती घरातल्या इतरांपासून तुटली, अशी टीका पुढे झाली.

धागाकर्ता

आपले उदाहरण मला मान्य आहे, निष्कर्ष नाही. जी खोली माणसाला एकटे पाडू शकते, ती त्याला सामावूनही घेऊ शकते. प्रश्न आखणीच्या वेळी कोणाला विचारले जाते हा आहे. वॉशिंग्टनमधील, कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठीच्या गॅलॉडेट विद्यापीठात कर्णबधिरांच्या अनुभवातूनच रचनेचे निकष ठरवले गेले: चालता चालता दोघांना खुणांच्या भाषेत बोलता यावे म्हणून रुंद मार्गिका, सर्वांचे हात व चेहरे दिसावेत म्हणून वर्तुळाकार बैठक, आणि हातांच्या हालचाली उठून दिसाव्यात म्हणून भिंतींना निळ्या-हिरव्या छटा. हे निकष ऐकू येणाऱ्या रचनाकाराला एकट्याने सुचले असते, असे मला वाटत नाही.

प्रतिसाद २

विचारणे पुरेसे नाही. रोजंदारीवर जगणाऱ्या बाईला दुपारच्या बैठकीला बोलावले, तर तिची त्या दिवसाची मजुरी बुडते आणि साहजिकच ती येत नाही. मग ज्यांना सवड आहे त्यांचेच मत ‘समुदायाचे मत’ म्हणून नोंदले जाते. बाकाच्या मधोमध हात टेकवण्याचे दांडे बसवून थकलेल्या बेघर माणसाला आडवे होऊ न देणारी रचनाही कोणत्या तरी बैठकीत संमत झालेलीच असते.

प्रतिसाद १

या मुद्द्यावर मी दोन पावले मागे येतो. उपस्थितीचा मोबदला आराखड्याच्या खर्चातच धरला आणि आलेल्यांना नकाराधिकार दिला, तर माझा निम्मा आक्षेप उरणार नाही. उरलेला निम्मा मात्र कायम आहे: काउंटरपलीकडचा अधिकारी तोच राहणार आहे.