साठ मीटर आणि कडुनिंबाची झाडे
डिस्क गोल्फमध्ये, म्हणजे कमीत कमी फेकींत चकती (डिस्क) साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकण्याच्या खेळात, शंभर मीटरच्या आतले होल (फेकीच्या जागेपासून बास्केटपर्यंतचे टप्पे) केवळ नवशिक्यांसाठी असतात, असे एक मत आहे; ते मला पटत नाही. मोकळ्या मैदानावर लांबी वाढवली की खेळाडूच्या दंडाची परीक्षा होते, नेमकेपणाची होतेच असे नाही. अमेरिकेतील रॉक हिल येथील विन्थ्रोप कोर्सचा 17 वा होल जेमतेम 75 मीटरचा आहे, पण बास्केटभोवतीच्या बेटासारख्या हिरवळीला गवताच्या गठ्ठ्यांची सीमा असल्यामुळे तिथे नामांकित खेळाडूंचेही गुण बिघडतात.

वडोदऱ्यात आम्ही चौघे बादल्यांनाच बास्केट मानून खेळतो (साखळ्यांचा तो सुखद आवाज आमच्या नशिबी नाही), आणि आमचा सर्वांत अवघड होल साठ मीटरचा आहे. उजव्या हाताने बॅकहँड (हात छातीसमोरून डावीकडून उजवीकडे नेत) फेकलेली डिस्क वेग ओसरला की डावीकडे झुकते, आणि नेमक्या त्याच बाजूला कडुनिंबाची दोन झाडे असल्याने आमच्यातला सर्वांत लांब फेकणारा गडी तिथे बहुधा शेवटचा येतो. मात्र झाडांमधून निदान एक प्रामाणिक वाट ठेवली पाहिजे, एरवी तो निव्वळ नशिबाचा खेळ होतो.